राखेचे रस्ते : उपयुक्तता, मर्यादा आणि एन्नोरचा अनुभव

चेन्नई महानगराच्या उत्तर टोकाला, बंगालच्या उपसागराच्या काठी एन्नोर हे गाव वसलेले आहे. पूर्वेला समुद्र, एका बाजूला कोसस्थलैयार नदी आणि तिच्या मुखाशी पसरलेली खाडी अशी त्याची भौगोलिक रचना आहे. खारफुटी, मिठागरे आणि कोळंबी-खेकड्यांनी समृद्ध असलेली ही पाणथळ अनेक पिढ्यांपासून मच्छीमार कुटुंबांच्या उदरनिर्वाहाचे साधन राहिली आहे. १९७० च्या दशकापासून याच परिसरात औष्णिक वीज केंद्रे उभी राहिली. महानगराला वीज मिळाली. खाडीच्या वाट्याला मात्र राख आली. ज्या राखेने खाडी उथळ झाली तीच राख योग्य रीतीने वापरली असती, तर रस्त्याच्या भरावाखाली उपयोगी पडली असती. या विसंगतीचा विचार करताना तंत्रज्ञान, कायदा आणि पर्यावरण या तिन्ही अंगांचा अभ्यास करावा लागतो. स्पर्धा परीक्षांच्या दृष्टीनेही हा विषय महत्त्वाचा आहे.

राख म्हणजे काय आणि ती किती?

कोळसा जाळल्यानंतर उरणाऱ्या अज्वलनशील खनिज भागाला राख म्हणतात. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण साधारणपणे ३० ते ४५ टक्के असते. आयात केलेल्या कोळशात ते बरेच कमी असते. वीज केंद्रातील राखेचे मुख्यतः दोन प्रकार पडतात. धुराबरोबर वर जाणारे आणि स्थिरविद्युत अवक्षेपकात अडवले जाणारे अतिसूक्ष्म कण म्हणजे उडती राख. भट्टीच्या तळाशी पडणारी, वाळूसारखी जाडसर राख म्हणजे तळराख. एकूण राखेत उडत्या राखेचा वाटा सुमारे ८० टक्के असतो. या दोन्ही राखा पाण्यात कालवून नळांवाटे तळ्यात सोडल्या, की तेथे साचणाऱ्या मिश्रणाला तळ्यातील राख असे म्हणतात.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार १९९६-९७ मध्ये देशात ६.८८ कोटी टन राख निर्माण झाली आणि तिच्यापैकी केवळ ९.६३ टक्के राखेचा वापर झाला. २०२१-२२ मध्ये निर्मिती सुमारे २७ कोटी टनांवर पोहोचली, तर वापराचे प्रमाण जवळपास ९६ टक्के झाले. पाव शतकातील ही प्रगती निश्चितच उल्लेखनीय आहे. परंतु हा आकडा वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. पहिली अशी, की 'वापर' या शब्दात सिमेंट आणि विटांबरोबरच सखल जमिनी भरणे व खाणींचे खड्डे बुजवणे यांचाही समावेश होतो. दुसरी अशी, की ही टक्केवारी त्या वर्षी निर्माण झालेल्या राखेशी ताडलेली असते. जुन्या तळ्यांमध्ये दशकानुदशके साचलेला साठा तिच्यात दिसत नाही. एन्नोरचा प्रश्न मुख्यतः या दुसऱ्या प्रकारात मोडतो.

एन्नोरची पार्श्वभूमी

एन्नोर औष्णिक वीज केंद्राचे पाच संच १९७० ते १९७५ या काळात कार्यान्वित झाले. त्यांची एकूण क्षमता ४५० मेगावॅट होती. हे केंद्र ३१ मार्च २०१७ रोजी कायमचे बंद करण्यात आले. दरम्यान, १९९० च्या दशकात खाडीच्या उत्तरेला उत्तर चेन्नई औष्णिक वीज केंद्राचे २१० मेगावॅटचे तीन संच सुरू झाले आणि पुढे ६०० मेगावॅटच्या दोन संचांची त्यात भर पडली. राष्ट्रीय औष्णिक वीज महामंडळ आणि तामिळनाडूची राज्य वीज कंपनी यांच्या संयुक्त मालकीचे वल्लूर येथील १,५०० मेगावॅटचे केंद्रही याच टापूत आहे. २००१ मध्ये कार्यान्वित झालेल्या एन्नोर बंदराचे (२०१४ पासून कामराजर बंदर) मुख्य प्रयोजनच वीज केंद्रांसाठी कोळसा उतरवणे हे होते. ओडिशातील खाणींचा, अधिक राखेचा कोळसा पारादीपहून जहाजाने येथे येतो. म्हणजे ओडिशाच्या खाणीतून निघालेली राख समुद्रमार्गे तामिळनाडूच्या खाडीकाठी येऊन थांबते, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

उत्तर चेन्नई केंद्राची राख पाण्यात कालवून लांबलचक नळांवाटे सेप्पाक्कम येथील तळ्याकडे नेली जात असे. हे नळ पाणथळ भागातून आणि पाण्याच्या प्रवाहांवरून जातात. नळ जुने झाले, फुटले, गळू लागले आणि राखमिश्रित पाणी कोसस्थलैयारच्या पात्रात व खाडीत उतरत राहिले. त्यामुळे पात्र उथळ झाले, कोळंबीच्या तळावर राखेचा थर बसला आणि होड्या नेणे कठीण झाले. कोसस्थलैयार ही पूंडी जलाशयाचे जादा पाणी समुद्राकडे वाहून नेणारी नदी आहे. तिचे मुख उथळ होणे म्हणजे उत्तर चेन्नईच्या पूरधोक्यात भर पडणे होय. हा प्रश्न मच्छीमारांनी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे नेला. न्यायाधिकरणाच्या चेन्नई येथील दक्षिण पीठाने तज्ज्ञांकडून पाहणी करवून घेतली आणि २०२२ मध्ये पुनर्स्थापनेविषयी निर्देश दिले.

महाराष्ट्रातील वाचकांना हा अनुभव अपरिचित वाटणार नाही. जुलै २०२२ मध्ये मुसळधार पावसात नागपूरजवळील कोराडी वीज केंद्राचा खसाळा येथील राख बंधारा फुटला आणि आसपासच्या गावांत व शेतांत राखेचा लोंढा शिरला. राख पाण्यात मिसळून साठवण्याच्या पद्धतीत हा धोका कायमचाच असतो. तळ्यात राख जितकी कमी, तितका हा धोका कमी. रस्तेबांधणीचे महत्त्व येथे स्पष्ट होते.

रस्त्यासाठी राखच का?

उडत्या राखेत सिलिका, ॲल्युमिना आणि लोह ऑक्साइड यांचे एकत्रित प्रमाण ७० टक्क्यांहून अधिक असते. राखेचा स्वतःचा चिकटपणा फारसा नसतो; परंतु चुना आणि पाणी यांच्या सान्निध्यात ती सावकाश घट्ट होणारी संयुगे बनवते. या गुणधर्माला पोझोलानी गुणधर्म म्हणतात. सिमेंटमध्ये राख मिसळण्याचे शास्त्रीय कारण हेच आहे. मात्र त्यासाठी कोरडी, सूक्ष्म आणि एकसारख्या प्रतीची राख लागते. पाण्यात कालवून तळ्यात सोडलेली राख जाड-बारीक मिसळलेली व ओली असते. सिमेंट कारखाने तिला सहसा स्वीकारत नाहीत. भरावाला मात्र ती चालते. म्हणूनच साचलेल्या राखेचा मोठा साठा हलवू शकणारे क्षेत्र म्हणून रस्तेबांधणीकडे पाहिले जाते.

राखेचे भरावासाठीचे फायदे पुढीलप्रमाणे सांगता येतील :

१. ती मातीपेक्षा वजनाने हलकी असते. मऊ चिकणमातीच्या किनारी जमिनीवर उंच भराव घालताना खालच्या थरावरील भार कमी होतो आणि भराव खचण्याचे प्रमाण घटते.

२. तिच्यातून पाण्याचा निचरा लवकर होतो. काळ्या मातीप्रमाणे ती फुगत वा आक्रसत नाही.

३. योग्य ओलावा राखून रोलरने दाबल्यास तिला चांगली घनता व ताकद प्राप्त होते.

४. प्रत्येक टन राखेमागे तेवढी माती वा मुरूम खणणे टळते. शेतजमिनीचा सुपीक थर आणि तलावांचे काठ वाचतात.

भरावाखेरीज राखेचे आणखी उपयोग आहेत. चुना व राख मिसळून मातीचे स्थिरीकरण करता येते; आधार थरासाठी चुना-राख काँक्रीट वापरता येते; सिमेंट काँक्रीटच्या रस्त्यात सिमेंटचा काही भाग राखेने बदलता येतो. चुना-राख काँक्रीटविषयीची मार्गदर्शक तत्त्वे इंडियन रोड्स काँग्रेसने १९७६ मध्येच प्रसिद्ध केली होती. राखेच्या भरावांसाठीची स्वतंत्र मार्गदर्शिका २००१ मध्ये आली. तिच्या आधी, १९९४ मध्ये सुरू झालेल्या फ्लाय ॲश मिशनच्या काळात, दिल्लीत यमुनेवरील दुसऱ्या निजामुद्दीन पुलाच्या जोडरस्त्यासाठी सुमारे १.८ किलोमीटर लांबीचा आणि ६ ते ९ मीटर उंचीचा राखेचा भराव घालण्यात आला. केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या तांत्रिक मार्गदर्शनाखाली झालेल्या या कामात सुमारे दीड लाख घनमीटर राख वापरली गेली. पुराच्या पाण्याशी संबंध येणाऱ्या जागीही राखेचा भराव टिकू शकतो, हे या कामाने दाखवून दिले.

भराव कसा घालतात?

राख सुटी असताना वाऱ्याने उडते आणि पावसाने वाहून जाते. तिची ही दोन वैगुण्ये सांभाळणे हेच या कामातील खरे कौशल्य होय. प्रथम जागेवरील झाडोरा व वरचा सुपीक थर काढून तळ दाबून घेतला जातो. भूजलपातळी उंच असल्यास राखेच्या खाली दाणेदार सामग्रीचा थर देतात, जेणेकरून केशाकर्षणाने पाणी वर चढणार नाही. नंतर राख पातळ थरांत पसरून, ठरावीक ओलावा देऊन कंपन रोलरने दाबली जाते. प्रयोगशाळेत मिळणाऱ्या कमाल शुष्क घनतेच्या किमान ९५ टक्के घनता जागेवर मिळाली पाहिजे, असा दंडक आहे. दोन्ही बाजूंना साधारण १ ते ३ मीटर रुंदीचे मातीचे आवरण राखेबरोबरच थराथराने चढवतात. उंच भरावात मध्ये मध्ये मातीचे थर देतात. सर्वांत वर मातीचा थर आणि त्यावर रस्त्याचे नेहमीचे आधार थर येतात. शेवटी उतारांवर गवत लावून किंवा दगडी अस्तर करून धूप रोखली जाते.

थोडक्यात, राखेचा रस्ता म्हणजे मातीच्या पेटीत बंद केलेली राख होय. पेटी नीट बंद असेल तर ती बांधकाम सामग्री ठरते; पेटी उघडी राहिली तर ते राखेचे नवे उघडे तळेच ठरते.

एक सोपे गणित

प्रश्नाची व्याप्ती समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. १,००० मेगावॅटचे केंद्र वर्षभर ७० टक्के भारांकाने चालले तर सुमारे ६१३ कोटी युनिट वीज तयार होते. प्रत्येक युनिटला ०.६५ किलो कोळसा आणि कोळशात ३५ टक्के राख धरल्यास वर्षाला सुमारे १४ लाख टन राख निघेल.

आता रस्त्याकडे वळू. माथ्याची रुंदी १२ मीटर, उंची ३ मीटर आणि बाजूंचा उतार एकास दोन असलेल्या भरावाचे छेदक्षेत्र ५४ चौरस मीटर येते. मातीचे आवरण वगळून त्याचा दोन-तृतीयांश भाग, म्हणजे ३६ चौरस मीटर, राखेचा धरला तर एका किलोमीटरला ३६,००० घनमीटर राख लागेल. प्रति घनमीटर १.२ टन घनता मानल्यास हे वजन सुमारे ४३,००० टन होते. म्हणजे या एका केंद्राच्या एका वर्षाच्या राखेत असा सुमारे ३२ किलोमीटर लांबीचा भराव होऊ शकतो.

या गणितातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा, की रस्ते हा राखेचा मोठा ग्राहक आहे. दुसरा असा, की तो अखंड ग्राहक नाही. भराव एकदा घातला की त्या ठिकाणची मागणी संपते, वीज केंद्राची राख मात्र दररोज निघत राहते. म्हणून सिमेंट, विटा, खाणी आणि रस्ते यांची सांगड घालूनच नियोजन करावे लागते. शिवाय राख स्वस्त असली तरी तिची वाहतूक स्वस्त नसते. राखेच्या वापराचे अर्थकारण वाहतुकीच्या अंतरावर अवलंबून असते.

कायद्याचे टप्पे

वाहतुकीच्या या प्रश्नामुळेच केंद्र शासनाच्या अधिसूचनांमध्ये अंतराची मर्यादा क्रमाक्रमाने वाढत गेलेली दिसते.

• १९९९ : १४ सप्टेंबर १९९९ रोजी पर्यावरण मंत्रालयाने पहिली राख अधिसूचना काढली. वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या परिसरात वीटनिर्मितीत राखेचा वापर बंधनकारक करण्यात आला.

• २००३ : ही मर्यादा १०० किलोमीटर झाली आणि रस्त्यांच्या भरावांचाही समावेश करण्यात आला.

• २०१६ : मर्यादा ३०० किलोमीटर करण्यात आली. १०० किलोमीटरपर्यंतचा वाहतूक खर्च वीज केंद्राने उचलावा व त्यापुढील खर्च दोघांनी निम्मा-निम्मा वाटून घ्यावा, अशी तरतूद झाली. याच वर्षी महाराष्ट्र शासनाने स्वतःचे राख वापर धोरण स्वीकारले.

• २०२१ : ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने 'प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी' हे तत्त्व लागू केले. ठरलेल्या कालचक्रात १०० टक्के वापर न झाल्यास न वापरलेल्या राखेवर प्रति टन १,००० रुपये पर्यावरण भरपाई आकारण्याची, तसेच जुन्या साठ्याचा टप्प्याटप्प्याने १० वर्षांत वापर करण्याची तरतूद तिच्यात आहे.

या क्रमात एक मूलभूत बदल दडलेला आहे. आरंभी जबाबदारीचा भर राख वापरणाऱ्यावर होता. पुढे तो राख निर्माण करणाऱ्याकडे सरकला.

कचऱ्याच्या राखेचा वेगळा विचार

राखेच्या चर्चेत आता आणखी एका राखेची भर पडली आहे. एन्नोरच्या दक्षिणेला, उत्तर चेन्नईतच कोडुंगैयूर येथे महानगराची जुनी कचराभूमी आहे. तेथे कचऱ्यापासून वीज निर्माण करणारा दहन प्रकल्प उभारण्याचा प्रस्ताव पुढे आला आणि २०२५ मध्ये स्थानिक रहिवाशांनी त्याला जाहीर विरोध केला. अशा प्रकल्पांच्या समर्थनार्थ, उरलेली राख रस्त्यांसाठी वापरता येईल, असा युक्तिवाद अनेकदा केला जातो. तो तपासून पाहिला पाहिजे.

घनकचरा जाळल्याने त्याचे आकारमान सुमारे ९० टक्क्यांनी घटते. वजन मात्र तेवढे घटत नाही. मूळ वजनाच्या साधारण २० ते ३० टक्के तळराख आणि काही टक्के उडती राख उरते. कोळशाच्या राखेशी तिचे नामसाम्य असले तरी गुणसाम्य नाही. कचऱ्याच्या उडत्या राखेत शिसे, कॅडमियम, जस्त यांसारखे धातू, क्लोराइड क्षार आणि डायॉक्सिनसारखी घातक संयुगे एकवटलेली असतात. ही राख घातक कचरा म्हणून सुरक्षित ठिकाणीच पुरावी लागते. रस्त्यात तिला स्थान नाही. वापराचा विचार होतो तो केवळ तळराखेचा.

डेन्मार्क व नेदरलँड्स या देशांत कचऱ्याची तळराख रस्त्यांच्या खालच्या थरांत दीर्घकाळ वापरली जात आहे. सिंगापूरनेही रस्त्याच्या एका टप्प्यावर तिचा प्रायोगिक वापर केला. मात्र तेथे राख भट्टीतून निघाल्याबरोबर रस्त्यावर जात नाही. प्रथम चुंबक व इतर यंत्रांनी लोह, ॲल्युमिनियम, तांबे वेगळे काढतात. नंतर राख काही आठवडे ते महिने उघड्यावर मुरत ठेवतात, जेणेकरून हवेतील कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन तिची तीव्र अल्कता कमी व्हावी आणि धातू बांधले जावेत. त्यानंतर चाळणी आणि पाझर चाचणी होते. राखेतून पाण्यात किती धातू उतरतात याचे मोजमाप म्हणजे पाझर चाचणी. तिच्यात उत्तीर्ण झालेली राखच वापरली जाते.

आपल्याकडील अडचण याच्याही आधीच्या टप्प्यावर आहे. ओला-सुका कचरा एकत्र जाळला गेला, त्यात बॅटऱ्या, विद्युत उपकरणे आणि क्लोरीनयुक्त प्लास्टिक मिसळले, तर राखेची प्रत दररोज बदलत राहते. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी दहन प्रकल्पांना क्लोरीनयुक्त प्लास्टिक जाळण्यास मनाई केली होती. राखेतील विषारी धातू मर्यादेबाहेर गेल्यास ती घातक कचरा प्रकल्पाकडे पाठवण्याचे बंधनही घातले होते. म्हणजे कचऱ्याच्या राखेचा रस्ता भट्टीपाशी नव्हे, तर घराघरांतील वर्गीकरणापाशी सुरू होतो.

सावधगिरीचे मुद्दे

कोळशाच्या राखेतही आर्सेनिक, सेलेनियम, क्रोमियम यांसारखी मूलद्रव्ये अल्प प्रमाणात असतात. आवरणात बंद आणि कोरड्या असलेल्या भरावातून ती फारशी पाझरत नाहीत. परंतु राख सतत पाण्यात बुडालेली असेल तर चित्र बदलते. म्हणून भूजल उथळ असलेल्या, पूर येणाऱ्या वा भरतीचे पाणी शिरणाऱ्या जागी भराव घालण्यापूर्वी स्वतंत्र तपासणी आवश्यक ठरते. एन्नोरसारख्या ठिकाणी ही अट विशेष महत्त्वाची आहे. पाणथळ जागेत राख टाकून तिला 'रस्त्यासाठी भराव' असे नाव दिल्याने तो सदुपयोग ठरत नाही. पाणथळीत गेलेली राख कागदावर 'वापरलेली' दिसू शकते, पण खाडीच्या दृष्टीने नळातून गळालेली राख आणि ट्रकमधून ओतलेली राख यांत काहीच फरक नसतो.

वाहतुकीतही काळजी घ्यावी लागते. उघड्या ट्रकमधून उडणारी राख रस्त्याकडेच्या वस्तीच्या श्वासात जाते. झाकलेली वाहने, ओलसर राख, चाके धुण्याची सोय आणि तळ्यातून राख उपसताना पाण्याची फवारणी या गोष्टी खर्चिक नाहीत; मात्र निविदेत त्यांचा स्पष्ट उल्लेख नसेल तर कंत्राटदार त्या करीत नाहीत, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

समारोप

एन्नोरच्या अनुभवातून तीन बाबी स्पष्ट होतात. राख कोरडी गोळा करणे हा पहिला उपाय आहे, कारण एकदा पाण्यात मिसळलेल्या राखेचे निम्मे मोल जाते आणि धोका दुप्पट होतो. साचलेल्या राखेसाठी रस्ते हा उत्तम मार्ग आहे. मात्र तळ्यापासून भरावापर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावर देखरेख हवी. राखेच्या वापराचे यश केवळ टनांमध्ये न मोजता ती कोठे गेली आणि तिने तेथील माती, पाणी व माणसांचे काय केले, या निकषांवरही मोजले गेले पाहिजे. महानगराला मिळालेल्या विजेची किंमत खाडीकाठच्या मच्छीमाराने जाळ्यात येणाऱ्या राखेच्या रूपाने मोजावी, हे न्याय्य विकासाचे लक्षण नव्हे. तीच राख मातीच्या आवरणाखाली, रस्त्याच्या भरावात स्थिरावली, तर टाकाऊतून टिकाऊ ही उक्ती खऱ्या अर्थाने सार्थ ठरेल.

सरावासाठी प्रश्न

१. उडती राख, तळराख आणि तळ्यातील राख यांतील फरक सांगून रस्तेबांधणीतील त्यांची उपयुक्तता स्पष्ट करा.

२. १९९९ ते २०२१ या काळातील राख अधिसूचनांमध्ये जबाबदारीची कल्पना कशी बदलत गेली, ते विशद करा.

३. कोळशाची राख आणि घनकचऱ्याची राख यांना एकच नियम लावणे योग्य ठरेल का? सकारण चर्चा करा.

४. 'राखेचा १०० टक्के वापर म्हणजे १०० टक्के सुरक्षित विल्हेवाट नव्हे.' एन्नोरच्या संदर्भात या विधानाचे परीक्षण करा.